मोहरीच्या वाटीतली काडतुसे

मुकुंद,

माणूस मेला याला हरकत घेता येत नाही. तशी तरतूद कोणत्याही देशाच्या कायद्यात नाही. परंतु तो मागे काय आणि कोणत्या स्थितीत ठेवून गेला, याला हरकत घेता येते, आणि ती मी येथे घेत आहे.

तू असतास तर म्हणाला असतास, "वकील, आधी चहा घे, मग हरकत घे." मी वकील नाही. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी आयुष्यभर कंत्राटांची भाषा तपासली, एवढाच माझा कायद्याशी संबंध. तरी तू मला पहिल्या भेटीपासून वकील म्हणालास, आणि येथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या मराठी मंडळींत ते नाव असे रुजले की एक जण माझ्याकडे घटस्फोटाचा सल्ला मागायला आला होता. तू त्याला दारातच सांगितलेस, "यांच्याकडे गेलास तर घटस्फोट मिळणार नाही, पण बायकोला तीन पानी पत्र जाईल."

मंडळाच्या गटावर सर्वांनी तुझ्याविषयी गोड लिहिले आहे. हसतमुख, दिलदार, कुणालाही न दुखावणारा. मी ते वाचले आणि फोन पालथा ठेवला. कुणालाही न दुखावणारा माणूस तीस वर्षे माझा मित्र राहिला असता का? तू मला भेटशील तेव्हा दुखावत होतास. तुझ्याइतके नेमके कुणी दुखावत नसे, म्हणून तर मी येत होतो.

आता मुद्द्यावर येतो. जे पुढे लिहितो आहे ते तुला ठाऊक आहे, पण हे इतरही वाचणार आहेत, म्हणून क्रमाने मांडतो.

तुझ्या लोखंडी कपाटात तीन रिव्हॉल्व्हर होत्या. परवाने चोख, कुलूप चोख. त्या बाबतीत माझी तक्रार नाही. फेराइनमधल्या, म्हणजे आपल्या नेमबाजीच्या क्लबमधल्या, एका म्हाताऱ्याकडून घेतलेली, सडपातळ आणि झिजलेली, ती थोरली. स्पर्धेची, लांब नळीची, ती मधली. आणि जाडजूड, पोलादी, काहीही पचवणारी, ती धाकटी. तिघी एकाच कॅलिबरच्या. म्हणजे एकीचे काडतूस दुसरीत बिनतक्रार बसते. बसते म्हणजे चालते असे नव्हे, आणि आपल्या सगळ्या भांडणाचे मूळ या एका वाक्यात आहे.

कारण तू दुकानातली काडतुसे वापरत नव्हतास. उडवलेल्या पुंगळ्या गोळा करून, धुऊन, त्यांत स्वतः पावडर भरून, वर शिसे दाबून तू आपली काडतुसे आपण बनवायचास. त्याचाही परवाना होता. परीक्षा देऊन मिळवला होतास. थोरलीसाठी सौम्य, मधलीसाठी मध्यम, धाकटीसाठी जोरकस. नेमकी किती पावडर, हे मी विचारत राहिलो आणि तू टाळत राहिलास. पुंगळी तीच, शिसे तेच, उंची तीच. फरक फक्त आतल्या पावडरीचा, आणि तो बाहेरून दिसत नाही. काट्यावर वजन करूनही कळत नाही. पुंगळी-पुंगळीच्या वजनातलाच फरक पावडरीच्या फरकापेक्षा मोठा निघतो. धाकटीचे काडतूस थोरलीत उडवले तर एखाद्या वेळी काही होणार नाही, आणि एखाद्या वेळी तिचे चक्र उडवणाऱ्याच्या हातात फुटेल.

आणि ही तीन तऱ्हेची काडतुसे तू कशात ठेवायचास? मिसळणाच्या डब्यात.

सुनंदावहिनींनी पुण्याहून काचेच्या झाकणाचा नवा डबा आणला, तेव्हा जुना स्टीलचा तू उचललास. सात वाट्या. मोहरीच्या वाटीत थोरलीची, जिऱ्याच्या वाटीत मधलीची, हळदीच्या वाटीत धाकटीची. उरलेल्यांत रिकाम्या पुंगळ्या. हळदीच्या वाटीला अजून पिवळी कड होती. माझ्यासारख्या माणसाला हे दृश्य दाखवणे हाच एक गुन्हा होता.

"याच्यावर चिठ्ठ्या लाव," मी म्हणालो.

"मिसळणाच्या डब्याला कुणी चिठ्ठ्या लावतं का रे? सुनंदा न बघता फोडणी टाकते."

"तिची मोहरी मोहरीसारखी दिसते आणि जिरं जिऱ्यासारखं. तुझ्या तिन्ही वाट्यांत मोहरीच आहे."

"माझ्या हाताला कळतं."

"डबा गोल आहे, मुकुंद. फिरला तर?"

"पोचा आलेली वाटी थोरलीची. तिच्यापासून उजवीकडे मोजायचं. सोप्पंय."

"हे कुणाला माहितीये?"

"मला. आणि आता तुला. पण तुझा हात मी त्यात जाऊ देणार नाहीये."

"आणि तू नसलास तर?"

"मी नसलो तर मी नेमबाजीला येणार नाही. गेनाऊ?" आणि हसलास. तुझे बोलण्यातले जर्मन त्या एका शब्दावर, म्हणजे 'बरोबर'वर, पस्तीस वर्षे चालले.

माझे म्हणणे साधे होते. तिघींनाही एकच काडतूस बनव, सर्वांत दुबळीला झेपेल असे. मग डबा फिरो, सांडो, कुणाच्याही हाती पडो. नियम हा नेहमी सर्वांत दुबळ्याला आणि सर्वांत वेंधळ्याला धरून लिहायचा असतो. जे नियम हुशारांसाठी लिहिले जातात ते पहिल्याच कंटाळवाण्या दुपारी मोडतात. यावर तू म्हणालास, "तीन मुलींना एका मापाचे बूट घालणारा बाप आहेस तू." मी म्हणालो, "पायात काटा जाण्यापेक्षा बरं." तू म्हणालास, "धाकटी रुसेल." कारखान्यात तू मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून पुरवठादारांचा घाम काढायचास, आणि घरी येऊन रिव्हॉल्व्हर रुसेल म्हणायचास! या वादाचा निकाल लागलेला नाही. तुझी बाजू तू अर्ध्यात सोडून गेलास, आणि अनुपस्थित माणसाविरुद्ध मिळवलेला निकाल मला नको आहे.

तुझ्या हातचे एकही काडतूस तू मला कधी उडवू दिले नाहीस, हेही येथे नोंदवतो. शनिवारी आपण शेजारी शेजारी उभे राहायचो. माझी रिव्हॉल्व्हर त्याच कॅलिबरची. माझी दुकानातली पेटी संपली तरी तू डबा पुढे करायचा नाहीस. "माझं काही चुकलं असेल तर माझ्या हाताला होऊ दे," असे एकदाच म्हणालास, तेही मी कानांवरचे संरक्षण चढवल्यावर, म्हणजे मला ऐकू येणार नाही अशा बेताने. मला ऐकू आले होते. तेवढे एकच वाक्य असे की ज्यावर मी तुझ्याशी वाद घातला नाही.

तू गेलास त्या आठवड्यात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन ठरलेले होते. तुझा ओंकार उंटरश्लाइसहाइमहून आला, बापाचे सगळे केले, आणि कपाटासमोर उभा राहून जर्मनमध्येच मला म्हणाला, "काका, हे सगळं लवकरात लवकर घराबाहेर गेलं पाहिजे." बरोबरच म्हणाला. वारसाला काडतुसे घरात ठेवता येत नाहीत. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, त्या डब्याचं काय करायचं? मला त्याची भीतीच वाटते." मी म्हणालो, "वहिनी, डब्याला हात लावू नका, फिरवूसुद्धा नका. डोळ्यावरची पट्टी निघाली की शनिवारी मी येतो आणि वाटी-वाटी वेगळी बांधून नेतो."

शनिवारपर्यंत थांबायला हवे होते. गुरुवारी फेराइनचे अध्यक्ष हेर श्टाइगर आले. हातात फुले, आणि दुसऱ्या हातात निळी बादली.

मुकुंद, दुष्ट माणसाचे मी बघून घेतो. त्याच्यासाठी पत्र पुरते. पण चांगल्या माणसाचे काय करायचे याची तरतूद मला कुठेही सापडलेली नाही. श्टाइगर मदत करायला आला होता. त्याच्याकडे परवाना होता, त्याला काडतुसे नेण्याचा पूर्ण अधिकार होता. वहिनी म्हणाल्या, तो स्वयंपाकघरात बसून रडला. मग कपाटातून डबा काढला, झाकण उघडले, सातही वाट्या एकामागून एक बादलीत उपड्या केल्या, आणि रिकामा डबा वहिनींच्या हातात देऊन म्हणाला, "हा तुमच्या स्वयंपाकघराचा आहे ना?"

मी फोनवर त्याला विचारले, "हेर श्टाइगर, तुम्ही ती एकत्र का केली?"

"हेर साठे, सगळी एकाच मापाची आहेत. कालिबर इस्ट कालिबर."

"ती तीन वेगळ्या रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली आहेत."

"मुकुंद कधी चुकला नाही. आणि ऐका, एक सुंदर गोष्ट ठरली आहे."

सुंदर गोष्ट अशी होती. या फेराइनची जुनी पद्धत आहे की सभासद गेला की त्याच्या नावाने एक रविवार नेमबाजी करायची, आणि त्याच्या घरी उरलेली काडतुसे त्या दिवशी सर्वांनी मिळून उडवायची. कुणीही गेला तरी ती पद्धत निभावते, कारण इतर सगळे दुकानातली काडतुसे वापरतात. तुझ्या बाबतीतही तसेच करायचे ठरले. पहिली फैर आनिकाची, तुझ्या शिष्येची. आणि तीही वहिनींच्या परवानगीने तुझ्या थोरलीमधून. आनिका दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. तिची बोटे हीच तिची भाकरी. तू तिला उभे राहायला शिकवलेस, श्वास सोडायला शिकवलेस, आणि डब्याविषयी एक अक्षर सांगितले नाहीस.

मी पत्र लिहिले. येथे मला तुझी पहिली खरी गरज लागली. गेली तीस वर्षे माझे कोणतेही पत्र तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय पेटीत पडले नाही. तू पेन्सिल घेऊन बसायचास आणि माझी विशेषणे खोडायचास. "बेजबाबदार काढ. अक्षम्यही काढ. घटना राहू दे. शिव्या कमी केल्या की माणूस शेवटपर्यंत वाचतो." घरमालकाविरुद्धचे पत्र तू अडीच पानांवरून अकरा ओळींवर आणलेस, आणि महिन्याभरात हीटर दुरुस्त झाला. हे ऋण मी मान्य करतो. तू गेल्यावरचे हे पहिले पत्र, आणि ते मी सर्व विशेषणांसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. श्टाइगरने ते पहिल्या परिच्छेदापलीकडे वाचले नाही. फोन करून म्हणाला, "हेर साठे, तुम्ही दुःखात आहात. आणि तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जर्मन झालात." कार्यकारिणीला लिहिले, उत्तर नाही. ओर्डनुंग्सआम्टला, म्हणजे शस्त्रपरवाने बघणाऱ्या सरकारी कचेरीला, लिहिले, त्यांचे उत्तर आले की काडतुसांचा ताबा कायदेशीर आहे, आणि रेंजवर काय उडवू द्यायचे हे त्या दिवशीच्या आउफझिश्टने, म्हणजे देखरेखीवरच्या माणसाने, ठरवायचे असते.

ते वाक्य मी दोनदा वाचले. देखरेखीचा दाखला माझ्याकडे आहे. त्या रविवारची पाळी कुणालाच नको होती, कारण प्रत्येकाला नेमबाजी करायची होती. मी फलकावर माझे नाव लिहिले.

रविवारी सगळे आले. फ्राऊ श्टाइगरचा केक, वहिनींच्या कोथिंबीर वड्या, तुझा फोटो, त्याला कुणीतरी फेराइनची हिरवी फीत लावलेली. निळी बादली टेबलाच्या मधोमध, जशी काही ती पूजेतली वस्तू आहे. आनिका थोरली घेऊन उभी राहिली, बादलीत हात घालून तिने काडतुसे काढली. मी देखरेखीचा पट्टा दंडावर चढवला आणि म्हणालो, "थांबा. शस्त्र खाली. या बादलीतले एकही काडतूस आज येथे उडणार नाही."

गलका झाला. एक जण म्हणाला, "आल्झो, आजच्या दिवशी तरी!" श्टाइगरचा चेहरा लाल झाला. "तुम्ही तुमच्या मित्राचा अपमान करताय. त्याच्या बायकोसमोर." आनिका मात्र रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून, हात मागे घेऊन उभी होती. तू शिकवल्याप्रमाणे.

मग वहिनी उठल्या. माझ्याजवळ येऊन हळूच, मराठीत म्हणाल्या, "भाऊजी, होऊ द्या की. यांच्या हातच्या गोळ्या आहेत त्या. यांच्या हातून कधी कुणाला काही झालंय का?"

मुकुंद, माझा राग मी श्टाइगरसाठी तयार करून आणला होता. कलमांसकट. पण त्या वाक्यावर तो तुझ्यावर वळला, आणि तो आजतागायत तिथेच आहे. हो म्हणालो असतो तर आनिकाचा हात पणाला लागला असता. नाही म्हणायचे तर तुझ्या बायकोला, तुझ्या फोटोसमोर, फीत लावलेल्या त्या फोटोसमोर, सांगायचे होते की तुमच्या नवऱ्याच्या हातच्या वस्तूवर विश्वास ठेवता येत नाही. या जागी तू मला उभे केलेस. श्टाइगरने नव्हे, तू. तीन चिठ्ठ्यांच्या आळसापायी. नाही, आळस नव्हे. तुझ्यात आळस नव्हता. घमेंड. तुझा हात कायम राहणार आहे ही घमेंड.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याच्या हातच्या होत्या, तेव्हा त्या वाट्यांमध्ये होत्या. मोहरीच्या वाटीतल्या या बंदुकीच्या, हळदीच्या वाटीतल्या त्या दुसऱ्या. आता त्या बादलीत आहेत."

त्यांनी बादलीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"म्हणजे डब्यात वेगवेगळं होतं?"

"हो."

"आणि यानं सगळं एकात ओतलं?"

"हो."

"अहो, पण निवडता येईल ना?"

"नाही वहिनी. दिसायला सगळं एकच आहे."

पस्तीस वर्षे त्या बाईने रोज मिसळणाचा डबा उघडला आहे. तिला यापुढे काही समजावून द्यावे लागले नाही. ती वळली, आणि मी तिचे जर्मन इतके मोठ्याने कधी ऐकले नव्हते. "हेर श्टाइगर! तुम्ही माझ्या नवऱ्याचा डबा न विचारता ओतलात? विचारायचं नाही? माझ्या घरात, माझ्या हातात रिकामा डबा दिलात, आणि मी तुम्हाला कॉफी पाजली!" मग मराठीत, कुणाला उद्देशून ते मला कळले नाही, "आणि यांनी तरी एका शब्दानं सांगायचं ना. रोज त्याच घरात होते." बहुधा ते तुझ्या फोटोला होते.

श्टाइगर म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं." ते खरे होते, म्हणून मला आणखी राग आला. माझ्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात ते सर्व लिहिले होते; पण तिथवर तो पोचला नव्हता, आणि पोचेल असे लिहायला तू नव्हतास.

मी माझ्या पेटीतली दुकानातली सौम्य काडतुसे आनिकाला दिली. थोरलीला ती झेपतात. तिने सहा उडवली. चांगली उडवली, पाचवी गोळी जरा डावीकडे गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वहिनी वड्यांचा डबा घेऊन सगळ्यांपुढे फिरल्या, श्टाइगरपुढेही गेल्या, आणि त्याला दोन जास्त वाढल्या. त्यांच्या जागी मी असतो तर वाढल्या नसत्या, पण त्या घरात माझ्यापेक्षा मोठ्या मनाचे लोक राहतात हे मला पूर्वीपासून मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी ती बादली मी ओर्डनुंग्सआम्टमध्ये नष्ट करण्यासाठी जमा केली. तुझी कित्येक संध्याकाळची मेहनत. खिडकीशी शिसे दाबायच्या प्रेसचा दांडा दाबत बसलेला तू. प्रत्येक काडतूस दिव्यासमोर धरून फिरवणारा तू. हे सर्व निळ्या बादलीत, माझ्या हातात, आणि समोर कचेरीचा जिना. मी वाटेत दोनदा थांबलो. दमलो म्हणून थांबलो नाही.

खिडकीमागच्या बाई तरुण होत्या, नम्र होत्या. टंकत विचारत गेल्या. बनवणारा कोण? मी तुझे नाव सांगितले, अक्षरे सुटी करून. पावडर किती आणि कोणती? मी म्हणालो, "उनबेकांट." अज्ञात. त्यांनी तसे टंकले, कागद बाहेर आला, आणि तुझ्या नावाच्या खाली, तुझ्या हातच्या कामासमोर, अज्ञात असे छापलेल्या ओळीवर मी सही केली. तीस वर्षांत मी कशावर वाचल्याशिवाय सही केलेली नाही. ही मी न वाचता केली.

बाईंनी कागद घेतला, पुन्हा पाहिला, आणि निव्वळ कुतूहलाने विचारले, "माणूस तुमच्या ओळखीचा होता, तरी तुम्हाला माहीत नाही? त्यांना कधी विचारलं नाहीत?"

"दर शनिवारी," मी म्हणालो.